राज्याच्या घटनेत मूळ रहिवाशांचा उल्लेख : पश्चिम ऑस्ट्रेलियातलं एक वाक्य आणि एक रद्द झालेलं कलम

फ्रीमँटलकर

२०१५ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विधिमंडळाने राज्याच्या घटना कायद्याच्या उद्देशिकेत एक वाक्य घातलं. आशय असा, की ॲबोरिजिनल लोक हे या राज्याचे पहिले लोक आहेत, या भूमीचे परंपरागत राखणदार आहेत हे विधिमंडळ मान्य करतं आणि त्यांच्याशी समेट घडवून आणू इच्छितं. विधेयक आणलं होतं जोसी फॅरर यांनी. त्या गिजा या ॲबोरिजिनल समाजातल्या ज्येष्ठ, तेव्हा किंबर्ली मतदारसंघाच्या आमदार आणि विरोधी बाकांवर. विरोधकांचं खाजगी विधेयक एरवी कुठे मंजूर होतं? पण मुख्यमंत्री कॉलिन बार्नेट यांच्या सरकारने पाठिंबा दिला आणि ते झालं.

पर्थमध्ये आपल्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमातही आता सुरुवातीला इथल्या मूळ रहिवासी नूंगर लोकांच्या भूमीचा आदरपूर्वक उल्लेख होतो. त्यावर दर वर्षी कुणीतरी विचारतंच, की नुसतं म्हणून काय होतं? घटनेतल्या त्या वाक्यालाही हाच प्रश्न लागू पडतो, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगतो. ते वाक्य मला मोलाचं वाटतं. पण ते ज्या कायद्यात बसवलं त्याच कायद्यात पूर्वी काय होतं आणि ते कसं गेलं हे ठाऊक नसेल, तर त्या वाक्याचा निम्मा अर्थ हातातून निसटतो.

१८९० साली ही वसाहत स्वतःचा कारभार स्वतः पाहू लागली. त्याआधी लंडनला एक धास्ती होती. इथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हाती सगळा कारभार दिला तर मूळ रहिवाशांचं काय होईल? म्हणून १८८९ च्या घटना कायद्यात कलम ७० घातलं गेलं. दर वर्षी पाच हजार पौंड ॲबोरिजिनल लोकांच्या कल्याणासाठी बाजूला काढायचे. अन्न, कपडे, मुलांचं शिक्षण. वसाहतीचं एकूण उत्पन्न पाच लाख पौंडांच्या वर गेलं, की पाच हजारांऐवजी उत्पन्नाचा एक टक्का द्यायचा. हे पैसे मंत्र्यांच्या हाती नव्हते. एक संरक्षण मंडळ होतं आणि त्यावर थेट गव्हर्नरचा ताबा.

मग १८९२ ला कूलगार्डीला सोनं सापडलं, १८९३ ला कालगुर्लीला. उत्पन्न भराभर वाढलं आणि तो एक टक्का स्थानिक पुढाऱ्यांच्या डोळ्यांत सलू लागला. पहिले मुख्यमंत्री जॉन फॉरेस्ट यांनी हे कलम काढून टाकण्यासाठी लंडनकडे तगादा लावला. १८९७ मध्ये ते रद्द झालं. त्या रद्द करण्यात कायदेशीर त्रुटी राहिली असावी अशी शंका निघाली, म्हणून १९०५ च्या ॲबोरिजिन्स कायद्यात ते पुन्हा एकदा रद्द केलं गेलं. याच १९०५ च्या कायद्याने सोळा वर्षांखालच्या प्रत्येक ॲबोरिजिनल मुलाचं कायदेशीर पालकत्व 'मुख्य संरक्षक' नावाच्या सरकारी अधिकाऱ्याकडे गेलं. आई जिवंत असताना, बाप जिवंत असताना. मुलं उचलून वसतिगृहांत नेण्याचा रस्ता तिथून मोकळा झाला.

म्हणजे या घटनेत मूळ रहिवाशांचं नाव २०१५ ला पहिल्यांदा आलं असं अजिबात नाही. आधी ते हक्कासकट होतं, रकमेसकट होतं. ते काढलं गेलं, आणि शंभराहून जास्त वर्षांनी आदराच्या वाक्याच्या रूपात परत आलं. तुम्हाला काय वाटतं?

अश्विनी_जे

माहिती नवीन आहे, कलम ७० बद्दल कधीच वाचलं नव्हतं. दोन शंका. ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याला स्वतंत्र घटना असते का? आणि असं वाक्य घालायला सार्वमत लागत नाही का? २०२३ ला सार्वमत होऊन पडलं होतं ना?

फ्रीमँटलकर

अश्विनी, हो, सहाही राज्यांना आपापली घटना आहे. १९०१ ला संघराज्य झालं त्याच्याही आधीपासूनची. २०२३ ला जे पडलं ते संघराज्याच्या घटनेतलं. तिथे शब्द बदलायचा तरी सार्वमत लागतं. देशभरात बहुमत हवं आणि सहापैकी किमान चार राज्यांतही. 'व्हॉइस' म्हणजे मूळ रहिवाशांचं सल्लागार मंडळ घटनेत आणायचा तो प्रस्ताव होता. साधारण ६० टक्के लोक 'नाही' म्हणाले, एकही राज्य 'हो' म्हणालं नाही. आमच्या राज्यात 'नाही' ६३ टक्क्यांच्या आसपास होतं.

राज्यांच्या घटनेतला असा बदल मात्र विधिमंडळाच्या साध्या कायद्याने होतो. व्हिक्टोरियाने २००४ ला केला, क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सने २०१० ला, साउथ ऑस्ट्रेलियाने २०१३ ला, आम्ही २०१५ ला, टास्मानियाने २०१६ ला. आता सहाही राज्यांत उल्लेख आहे.

यातली मला खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. व्हिक्टोरियाच्या कलम १अ मध्ये आधी फार सुंदर मान्यता आहे. वसाहत स्थापन होताना ॲबोरिजिनल लोकांना विचारलं गेलं नाही, त्यांना सहभागी केलं नाही, हे संसद कबूल करते. आणि लगेच खाली पोटकलम : यातून कुणालाही कोणताही कायदेशीर हक्क मिळत नाही, दावा लावता येत नाही, या किंवा दुसऱ्या कुठल्या कायद्याचा अर्थ लावताना याचा परिणाम होणार नाही. क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि साउथ ऑस्ट्रेलियातही असंच. आमच्या राज्याने हे शेपूट जोडलं नाही. मला त्याचा अभिमान आहे.

वैनगंगाकाठ

फ्रीमँटलकर, धागा आवडला. मी गडचिरोलीकडे वकिली करते, त्यामुळे त्या पोटकलमाबद्दल थोडं लिहिते.

उद्देशिकेतून थेट हक्क मिळत नाही हे आपल्याकडेही सगळ्यांना ठाऊक आहे. १९६० च्या बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालय तर म्हणालं होतं, की उद्देशिका घटनेचा भागच नाही. १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांसमोर ते मत बदललं. तेव्हापासून उद्देशिका घटनेचा भाग आहे, तिच्या प्रकाशात बाकीची कलमं वाचायची. उद्देशिकेचं सगळं बळ या 'प्रकाशात वाचण्यात' आहे. कलम संदिग्ध असेल, दोन अर्थ निघत असतील, तेव्हा वकील उद्देशिकेकडे बोट दाखवतो.

क्वीन्सलँडवाल्यांनी नेमकं तेच बोट छाटलं आहे. हक्क देऊ नका, ठीक. पण 'अर्थ लावतानाही याकडे बघू नका' असं लिहिणं म्हणजे न्यायाधीशाला त्या वाक्यावरून नजर वळवायला सांगणं. माझ्या मते ते मुळात चुकीचं आहे.

आपल्याकडचं याला जवळचं उदाहरण म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या उद्देशिकेत संसदेने स्वच्छ लिहिलंय, की जंगलात राहणाऱ्या आदिवासींवर आणि इतर पारंपरिक वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. आणि हे लोक जंगलाच्या अस्तित्वाचाच भाग आहेत. त्या वाक्याच्या खाली 'याचा काही परिणाम नाही' असं लिहिलेलं नाही. उलट खाली कलम ३ आहे, सामूहिक हक्कांची यादी आहे, ग्रामसभेला अधिकार आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये अठराशे हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी स्वतःचा बांबू विकायला वाहतूक परवाने हवे होते आणि ते वनखात्याकडे अडकले. २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. कबुली, हक्क आणि परवान्याचं पुस्तक, तिन्ही एकापाठोपाठ लागतात. एक जरी नसलं तरी काम अडतं.

ब्रिस्बेनची_सुमा

मला उद्देशिकेची बाजू घ्यायची आहे.

वैनगंगाताई, तुम्ही म्हणता ते कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेल. पण इथल्या राज्याचा इतिहास काय होता ते बघा. क्वीन्सलँडचा १८९७ चा कायदा. त्याच्या नावातच ॲबोरिजिनलांचं 'संरक्षण' आणि अफूच्या विक्रीवर बंदी एकत्र होती. त्या कायद्याखाली माणसं उचलून चेरबर्गला, पाम बेटावर नेऊन टाकली. लग्न करायचं तर परवानगी, गाव सोडायचं तर परवानगी. मजुरी सरकारच्या खात्यात जमा व्हायची आणि स्वतःचे पैसे मागायला साहेबापुढे उभं राहावं लागायचं. पाम बेटावर १९५७ ला त्याविरुद्ध संप झाला, तर पुढाऱ्यांना बेड्या घालून बेटावरून हद्दपार केलं. त्या बुडालेल्या मजुरीसाठी शेवटी २०१९ ला राज्य सरकारने १९ कोटी डॉलरची तडजोड केली. तोवर कितीतरी जण गेलेले होते.

ज्या राज्याने हे केलं त्याच राज्याच्या घटनेच्या पहिल्या पानावर आज 'ज्यांची भूमी, वारे आणि पाणी आपण सारे आता वाटून घेतो' असं लिहिलंय. यातले वारे तर खास टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरचे आहेत, तिथल्या लोकांचं जगणंच वाऱ्यांच्या ऋतूंवर चालतं. माझ्या नातवंडांना शाळेत हे शिकवतात. माझ्या पिढीला इथे आल्यावर कुणी काही सांगितलं नव्हतं. मी त्याला 'नुसतं वाक्य' म्हणणार नाही.

फ्रीमँटलकर

सुमाताई, तुमच्याशी माझं भांडण नाहीच. वाक्य हवंच. खालचं पोटकलम नको, एवढंच.

दर्याकिनारी

मी पर्थमध्येच असतो. २०२३ ला मी 'नाही' मत दिलं होतं. इथे बहुतेकांना ते आवडणार नाही, पण कारण सांगतो.

एका सल्लागार मंडळाला घटनेत कायमचं स्थान द्यायचं आणि त्याची रचना, त्याचे अधिकार संसद पुढे ठरवेल, हे मला पटलं नाही. देशाच्या मूळ कायद्यात नागरिकांचे दोन गट करू नयेत असंही मला वाटतं. उद्देशिकेत 'हे पहिले लोक' असा उल्लेख करायला माझी अजिबात हरकत नाही, तो इतिहास आहे. पण मला भीती वेगळी आहे. असं वाक्य घातलं की सरकारला वाटतं आपलं काम झालं. मग किंबर्लीतल्या वस्त्यांमध्ये पिण्याचं पाणी, डॉक्टर, शाळा यांकडे कोण बघणार? मला ते आधी हवं आहे.

फ्रीमँटलकर

दर्याकिनारी, प्रामाणिकपणे लिहिलंत, त्याबद्दल आभार. दोन गोष्टींवर मतभेद आहेत.

नागरिकांचे दोन गट संघराज्याच्या घटनेने १९०१ मध्येच केले होते. लोकसंख्या मोजताना ॲबोरिजिनल लोकांना धरायचं नाही असं कलम १२७ सांगत होतं. १९६७ च्या सार्वमतात जवळजवळ ९१ टक्के मतांनी ते गेलं. ज्यांना नाव घेऊन वगळलं होतं, त्यांना नाव घेऊनच आत घ्यावं असं मला वाटतं.

दुसरं, पाणी आणि डॉक्टर आधी हवेत हे शंभर टक्के खरं. पण कलम ७० नेमकं तेच होतं हो! अन्न, कपडे, शाळा, आणि त्यासाठी बांधून दिलेली रक्कम. ते काढलं तेव्हा या राज्याने सोयी आणि मान दोन्ही एकदमच काढून घेतले.

शिवाय, नुसत्या उल्लेखाला तरी लोक सहज 'हो' म्हणतात असं नाही. १९९९ ला संघराज्याच्या घटनेसाठी उद्देशिकेचं सार्वमत झालं. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी कवी लेस मरे यांना बरोबर घेऊन पहिला मसुदा केला होता, तो पुढे बदलला. 'हो' फक्त ३९ टक्के. मतदानाला ठेवलेल्या उद्देशिकेलाही 'कायदेशीर परिणाम नाही' हे कलम जोडलेलं होतं. आणि ज्यांच्याबद्दल ते वाक्य होतं, त्यांच्याशी पुरेशी चर्चा झाली नव्हती ही तेव्हाची मोठी तक्रार होती. जोसी फॅरर यांच्या विधेयकाचं वेगळेपण इथे आहे. ते वाक्य मागणारी व्यक्ती त्या लोकांतलीच होती.

शुभदा_मेल

मेलबर्नहून लिहितेय. फ्रीमँटलकर, आमच्या कलम १अ वरची तुमची टीका मान्य. पण त्यानंतर इथे काय घडलं तेही बघा ना.

२०१९ मध्ये मूळ रहिवाशांची निवडून आलेली सभा स्थापन झाली. मग यूरूक आयोग आला. वसाहतीच्या काळापासून काय काय झालं त्याच्या साक्षी त्याने जाहीरपणे घेतल्या. पोलीस, चर्च, सरकारी खाती, सगळ्यांना येऊन उत्तरं द्यावी लागली. मुख्यमंत्रीसुद्धा साक्षीला बसल्या. आणि २०२५ मध्ये व्हिक्टोरियाच्या संसदेने मूळ रहिवाशांशी करारनाम्याचा कायदा मंजूर केला, ऑस्ट्रेलियात असा पहिला. २००४ ला 'तुम्हाला विचारलं नव्हतं' एवढंच लिहिलं होतं. ते लिहिल्यावर 'मग आता विचारा' हे म्हणायला लोकांना जागा मिळाली. त्या एका कलमामुळेच सगळं झालं असं मी म्हणत नाही, त्यामागे लोकांचा कित्येक वर्षांचा लढा आहे. पण ते वाक्य आड आलं नाही.

ब्रिस्बेनची_सुमा

आमच्याकडे उलटं झालं शुभदा. करारनाम्याच्या दिशेने जाणारा कायदा २०२३ ला झाला आणि २०२४ ला सरकार बदलताच रद्द झाला. त्या कायद्याखालच्या चौकशी आयोगाचं कामही थांबलं. उद्देशिका मात्र तशीच आहे. तिला कुणी हात लावला नाही.

अश्विनी_जे

सुमाताई, तुम्ही उद्देशिकेच्या बाजूने लिहिलंत, पण हा प्रतिसाद वाचून मला उलटंच वाटायला लागलं. हात लावला नाही कारण तिला ठेवण्याचा कुणाला काही त्रासच नाही. असं असेल तर?

लोहखनिज

मी पिल्बारात खाणीवर काम करतो. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा पर्थला घरी. म्हणून हे लिहिणं मला भाग आहे.

उद्देशिका बदलली २०१५ ला. २४ मे २०२० ला जुकन गॉर्जमधल्या गुहा सुरुंगाने उडवल्या. रिओ टिंटो कंपनीने लोहखनिजासाठी. त्या गुहांमध्ये माणसाच्या वावराच्या ४६ हजार वर्षांच्या खुणा होत्या. तिथे सापडलेल्या केसांच्या एका वेणीचा डीएनए आजच्या पुउतू कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांशी जुळला होता. म्हणजे त्यांच्या पूर्वजांचा पुरावा हातात होता, आणि तरी स्फोट झाला. बेकायदा नव्हता तो! १९७२ च्या वारसा कायद्यातल्या कलम १८ खाली मंत्र्यांनी २०१३ लाच परवानगी दिलेली. नंतर पुरावे सापडले, पण दिलेल्या परवानगीचा फेरविचार करा म्हणायला त्या लोकांना कायद्यात वावच नव्हता.

पुढे नवा वारसा कायदा आला, १ जुलै २०२३ ला लागू झाला. शेतकरी आणि जमीनमालकांनी ओरड केली आणि ऑगस्टमध्ये सरकारने तो मागे घ्यायचं जाहीर केलं. थोड्या दुरुस्त्या करून परत १९७२ चाच कायदा.

घटनेत लिहिलंय 'भूमीचे परंपरागत राखणदार'. राखणदाराला 'नाही' म्हणता येत नसेल तर तो कसला राखणदार? माझं पोट या खाणीवर चालतं, तरी मी हे लिहितोय, कारण ती जागा मी पाहिलेली आहे.

आणि फ्रीमँटलकर, कलम ७० ची गोष्ट तुम्ही १९०५ ला थांबवलीत. ती पुढेही चालू राहिली, आणि ती पिल्बाराचीच गोष्ट आहे. १ मे १९४६ ला इथल्या मेंढपाळीच्या मळ्यांवरचे शेकडो ॲबोरिजिनल कामगार संपावर गेले. मजुरी म्हणून पीठ, चहा, साखर मिळायची, कुणाकुणाला थोडेफार पैसे. लिहिता येत नव्हतं, अंतरं शेकडो किलोमीटरची, म्हणून संपाचा दिवस कळवायला खुणा केलेली कॅलेंडरं मळ्यामळ्यांवर फिरवली होती. तीन वर्षं संप चालला. डूली बिन बिन, क्लॅन्सी मॅकेना आणि त्यांच्याबरोबरचा गोरा कार्यकर्ता डॉन मॅकलिऑड, तिघांनाही तुरुंगवास झाला. या मॅकलिऑडने पुढे आयुष्यभर कलम ७० चा पिच्छा पुरवला. तो एक टक्का बेकायदा काढून घेतलाय, तो परत द्या. पिल्बारातले ज्येष्ठ हा दावा घेऊन हायकोर्टापर्यंत गेले, इथलं हायकोर्ट म्हणजे देशाचं सर्वोच्च न्यायालय. २००१ ला निकाल लागला. १९०५ चं रद्द करणं वैध ठरलं. दावा गेला.

वैनगंगाकाठ

लोहखनिज, हे वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. रद्द झालेल्या एका कलमासाठी इतकी वर्षं लढत राहणारे लोक आहेत, म्हणजे त्या कलमाला ते आपलंच मानत होते. घटनेच्या कागदावर हक्क सांगणारे तेच.

अश्विनी, तुझ्या प्रश्नावर माझं मत. उद्देशिकेतलं वाक्य कुणाला त्रास देत नाही तोवर ते सुरक्षित राहतं, हे खरंच आहे. उद्या जुकनसारखा खटला उभा राहिला, मंत्र्याने 'राखणदारां'चं म्हणणं विचारात घेतलं का असा वाद झाला आणि वकिलाने ते वाक्य न्यायालयात वाचलं, की ते त्रास द्यायला लागेल. पश्चिम ऑस्ट्रेलियात ते निदान वाचता तरी येईल, खाली नकार देणारं पोटकलम नाही. चालेल की नाही ते न्यायालय ठरवेल.

फ्रीमँटलकर

लोहखनिज, गोष्ट पूर्ण केलीत, फार बरं झालं. संपाच्या कॅलेंडरांबद्दल वेगळा धागा काढाच.

आमच्या राज्यात झालेली एक गोष्ट राहिली होती, ती नोंदवतो. २०१६ मध्ये विधिमंडळाने नूंगर लोकांना मान्यता देणारा स्वतंत्र कायदा केला. त्याच्या नावातच नूंगर भाषेतले शब्द आहेत, कूरा, नित्जा, बूर्दावान : भूत, वर्तमान, भविष्य. तो एकटा नव्हता. त्याच्याबरोबर नैऋत्य भागाचा समझोता होता. सहा करार, सुमारे ३० हजार नूंगर लोक, जमीन, घरं, वर्षानुवर्षं भर पडत जाणारा निधी, मिळून साधारण १३० कोटी डॉलर. २०२१ च्या फेब्रुवारीत तो लागू झाला. बदल्यात नूंगर लोकांनी त्या भागावरचे न्यायालयात मागता येणारे पारंपरिक जमीनहक्क सोडले. हा सौदा त्यांच्यातल्या अनेकांना मान्य नव्हता आणि त्यांनी तो न्यायालयात लढवला, हेही इथे लिहिलं पाहिजे. तरीही मान आणि रक्कम एकत्र आलेली कलम ७० नंतर मला दिसलेली ही पहिली मोठी गोष्ट.

दर्याकिनारी, तुम्ही पाणी आणि डॉक्टरांबद्दल लिहिलंत. राज्याच्या उत्पन्नाचा ठराविक टक्का बांधून द्यावा, असं कलम आज कुणी पुन्हा मांडलं तर तुम्ही कोणत्या बाजूला असाल?

दर्याकिनारी

बांधून द्यायला माझी हरकत नाही. लोहखनिजावर राज्याला स्वामित्वधन मिळतं, त्यातून द्यावं. पण खर्च त्या त्या वस्तीने ठरवावा, पर्थच्या कचेरीने नाही. आणि पुढचं सरकार साध्या बहुमताने ते काढू शकणार नाही अशी तरतूद हवी. क्वीन्सलँडमध्ये काय झालं ते सुमाताईंनी वर लिहिलंच आहे.

लोहखनिज

स्वामित्वधनातून, यावर +१.

वैनगंगाकाठ

तरतूद करता येते. दोन्ही सभागृहांत पूर्ण संख्येचं बहुमत किंवा सार्वमत अशी अट घालतात. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या घटना कायद्यात कलम ७३ खाली काही गोष्टींना सार्वमताची अट आधीपासूनच आहे, त्यामुळे नमुना तिथल्या तिथे तयार आहे. फ्रीमँटलकर, जमलं तर कलम ७० चा मूळ मजकूर मराठीत करून इथे टाका. त्यात खर्च कोण ठरवणार ते कसं लिहिलंय ते मला नीट बघायचंय. दर्याकिनारींचा मुद्दा तिथेच अडेल असं वाटतंय.

फ्रीमँटलकर

टाकतो, शनिवारी. पहिलं वाक्यच खूप लांब आहे, तोडून तोडून लिहावं लागेल.